हिवाळ्याच्या चार महिन्यांत सायकलीचा वेग वाढवायचा असेल, तर सरावाची आखणी कशी करावी?

प्रश्न : कोंढवेकर

नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ४२, नोकरी बैठी आहे. गेली तीन वर्षे नियमित सायकल चालवतो आणि त्यासाठी आठवड्याला साधारण आठ तास मिळतात. पहिल्या वर्षी वेग आपोआप वाढत गेला, मात्र दीड वर्षापासून सपाटीवरची सरासरी ताशी २४ किलोमीटरवर अडकली आहे आणि बोपदेव घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत १८ मिनिटांच्या आत चढणे मला एकदाही जमलेले नाही. मागच्या फेब्रुवारीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) मी ११ तास १० मिनिटांत पूर्ण केली. साडेतेरा तासांच्या मुदतीत ती सहज बसली, पण येत्या फेब्रुवारीत तेच अंतर ९ तासांत कापावे, अशी मनापासून इच्छा आहे.

आमचा गट रोज पहाटे साडेपाचला निघतो. सगळेच बऱ्यापैकी जोर लावून चालवतात आणि मागे पडणे कोणालाच आवडत नाही, त्यामुळे घरी परतेपर्यंत पाय भरून आलेले असतात. परदेशी वेळापत्रके वाचली, तर हिवाळाभर घरात होम ट्रेनरवर (सायकल एका जागी उभी ठेवून चालवण्याच्या उपकरणावर) हलका सराव करून पाया पक्का करावा, असे त्यांत सांगितलेले असते. आपल्याकडे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच सायकल चालवण्याचे खरे दिवस. मग हे चार महिने कसे वापरावेत? माझ्याकडे पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारे यंत्र) नाही, छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा आहे. कमाल हार्ट रेट सुमारे १८० आहे.

उत्तर १ : घाटमाथा

आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. रोज बऱ्यापैकी जोर लावणे, हीच अडचण आहे. हा जोर इतका असतो की शरीर दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरते सावरत नाही, आणि इतका कमी असतो की हृदयाला व स्नायूंना नवे काही शिकावे लागत नाही. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांनी दाखवून दिले आहे की त्या खेळाडूंची सुमारे ८० टक्के सत्रे खरोखर हलकी असतात आणि उरलेली थोडी सत्रे खरोखर कठीण असतात. आठ तासांच्या आठवड्याला हे प्रमाण काटेकोरपणे लावण्याची गरज नाही. हलके आणि कठीण यांतला फरक मात्र स्पष्ट राहिला पाहिजे.

आपल्यासाठी हलके म्हणजे हार्ट रेट १२६ ते १३५ च्या आसपास. शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्यांत बोलता येत असेल, तर आपण योग्य ठिकाणी आहात. चढ आला की हा आकडा पाळणे फार जड जाते, कारण मागचे लोक पुढे निघून जातात आणि गप्प बसवत नाही. गिअर हलका करावा आणि त्यांना जाऊ द्यावे.

कठीण सत्रे आठवड्यात दोनच ठेवा, मंगळवारी आणि गुरुवारी. नोव्हेंबरमध्ये सलग जोर लावून चालवण्याचे २० मिनिटांचे दोन तुकडे पुरेत, जोर असा की बोलणे दोन-तीन शब्दांवर यावे. डिसेंबरमध्ये आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे घ्या, मध्ये चार-पाच मिनिटे विश्रांती, आणि प्रत्येक तुकड्याच्या उत्तरार्धात हार्ट रेट १६० च्या पुढे गेलेला असावा. यासाठी बोपदेव उत्तम आहे. पहिल्या फेरीत आठव्या मिनिटाला जिथे पोहोचाल, तिथले झाड किंवा दगड लक्षात ठेवा आणि सावकाश खाली या. चौथ्या फेरीतही त्याच झाडापर्यंत पोहोचलात, तर पहिल्या फेरीचा जोर बरोबर होता. वीस-तीस मीटर अलीकडेच वेळ संपली, तर सुरुवात अधाशीपणे झाली, असे समजावे. मी स्वतः पहिले तीन आठवडे त्या झाडापर्यंत पोहोचू शकलो नव्हतो, आणि वेग धरणे म्हणजे काय, ते मला तेव्हाच उमगले.

जानेवारीत तुकडे तीन ते पाच मिनिटांचे करा आणि रविवारची लांब फेरी चार तासांपर्यंत न्या. दर चौथ्या आठवड्यात एकूण वेळ जवळपास निम्म्यावर आणा. बहुतेकांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु शरीर सुधारते ते याच काळात.

उत्तर २ : म्युनिकवासी मराठी

परदेशी वेळापत्रकांविषयी सांगतो, कारण मी ती तिथेच राहून पाळतो. इथे डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, रस्त्यांवर बर्फ आणि मीठ असते आणि शर्यती वसंतात सुरू होतात, म्हणून हिवाळ्यात पाया बांधण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात हे चक्र उलटे आहे. होम ट्रेनरची जागा जुलै-ऑगस्टच्या पावसात आहे आणि पाया त्याच काळात बांधायला हवा. यंदा तो बांधला नसेल, तर नोव्हेंबर त्यासाठी द्या, पण चारही महिने देऊ नका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर स्वतःच्या नोंदीच आपल्याला फसवतील. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्वचा थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्तीचे काम पडते, त्यामुळे डिसेंबरच्या गारव्यात तेवढ्याच कष्टाला हार्ट रेट काही ठोक्यांनी खाली येतो. ती सगळी सरावाची कमाई नव्हे. उलट १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के दाट असते, म्हणून थंड पहाटे सपाटीवर तेवढ्याच जोराला वेग थोडा कमी मिळतो, आणि त्याने खचून जाण्याचे कारण नाही. प्रगती मोजायची असेल, तर घाटाची वेळ पाहा. तिथे वेग कमी असल्यामुळे हवेचा अडथळा फारसा आड येत नाही.

उत्तर ३ : लांबपल्ला

मी नाशिकची. बीआरएम बऱ्याच केल्या आहेत, म्हणून आपल्या ११ तास १० मिनिटांचा हिशेब मांडून पाहिला. ताशी २४ च्या सरासरीने २०० किलोमीटरला ८ तास २० मिनिटे लागतात. म्हणजे जवळपास पावणेतीन तास सायकल उभी होती. हे थांबे एका तासावर आणले, तर आज आहे त्याच ताकदीवर आपण ९ तास २० मिनिटांत पोहोचाल, आणि उरलेल्या २० मिनिटांसाठी ताशी २५ ची सरासरी पुरेल. ही सवय रविवारच्या फेरीतच लावावी लागते. बाटल्या भरणे, बीआरएममध्ये वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी कार्डावर शिक्का घेणे, खाणे हे सगळे दहा मिनिटांत उरकावे, आणि चहाच्या टपरीवर बसण्याऐवजी खजूर, चिक्की किंवा गुळाची पोळी खिशात ठेवून चालत्या सायकलीवर खावी. दर पाऊण तासाला थोडे पोटात गेले, तर शेवटच्या ५० किलोमीटरला पाय साथ सोडत नाहीत.

सुरक्षिततेचेही सांगते. जानेवारीत पुण्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पहाटेची जवळजवळ सगळी फेरी अंधारात होते. त्यातच उसाचे गाळप सुरू असते आणि बारामती-दौंडच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. अशाच एका ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. माझ्या दिव्याच्या झोतात आधी नुसती उसाची लोंबणारी पाने दिसली आणि जेमतेम एका हातावर सायकल थांबली. घाटातील कठीण सत्र उजाडल्यावरच करा. अंधाराच्या वेळेत सपाटीवर हलके चालवा.

कोंढवेकर

सर्वांचे मनापासून आभार. थांब्यांचा हिशेब मी कधीच केला नव्हता आणि तो पाहून थक्क झालो. मंगळवार-गुरुवार घाट आणि रविवारी लांब फेरी, असे ठरवले आहे. एक शंका उरते. गट सोडावा लागेल का? तीन वर्षांची सोबत आहे आणि पहाटे उठण्याचे बळ त्यांच्यामुळेच येते.

घाटमाथा

सोडू नका. शनिवारी त्यांच्याबरोबर जा, पण शेवटच्या रांगेत राहा आणि हार्ट रेट १३५ च्या पुढे जाऊ लागला की त्यांना आधीच सांगून मागे पडा. आपली अडचण समजली की एखादा सोबती आपल्याबरोबर मागे थांबेल, असा माझा अनुभव आहे. बोपदेवची पहिली चाचणी याच पंधरवड्यात, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन द्या आणि वेळेबरोबर तापमान, वारा व टायरमधील हवेचा दाब लिहून ठेवा. दुसरी चाचणी डिसेंबरअखेर, तेवढ्याच दाबावर आणि त्याच वेळी. दोन्ही आकडे इथे जरूर कळवा, म्हणजे जानेवारीचे तुकडे किती मिनिटांचे ठेवायचे, ते त्यावरून ठरवता येईल.