इंजिन रीमॅप केले म्हणून एसीच्या कॉम्प्रेसरचीही वॉरंटी जाते का?

प्रश्न (जालना)

नमस्कार. माझ्याकडे दीड लिटर डिझेल इंजिनाची बीएस ६ एसयूव्ही असून ती घेऊन बावीस महिने झाले आहेत. रीडिंग ४१,००० किलोमीटर आहे आणि कंपनीची वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत आहे. मागच्या दिवाळीत मी ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतले. ट्यूनरने दिलेल्या कागदावर ११५ अश्वशक्तीची १४२ आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्कचा ३१५ झाल्याचे लिहिले आहे. समृद्धीवर पाच माणसे आणि सामान घेऊन जाताना फरक खरोखर जाणवत होता, हे मी नाकारत नाही.

मे महिन्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. आधी एसीने गार हवा देणे बंद केले. कॉम्प्रेसर आतून जाम झाल्याचे निघाले. त्यानंतर टर्बोमधून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून) शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ताकदच घेईना. सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी मी ट्यूनरकडून मूळ फाइल परत टाकून घेतली, कारण "स्टॉक फाइल टाकली की कोणाच्या बापाला कळत नाही" असे त्याने सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगितले होते. दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला की गाडी ट्यून केलेली आहे, सबब वॉरंटी संपली असून दोन्ही कामे पैसे भरूनच होतील. टर्बोसाठी सुमारे ७२,००० आणि कॉम्प्रेसरसाठी २७,००० रुपयांचा अंदाज दिला आहे.

टर्बोबाबत भांडायला मला तोंड नाही. परंतु रीमॅपिंगचा एसीशी काय संबंध? आणि मूळ फाइल टाकूनही त्यांना कळले कसे?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर, पूर्वी सर्व्हिस अॅडव्हायझर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथेच बहुतेकांची फसगत होते. ईसीयूमधील कॅलिब्रेशनला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि त्यातील माहितीवरून गणिताने काढलेला एक पडताळणी क्रमांकही असतो, ज्याला सीव्हीएन म्हणतात. आतला नकाशा, म्हणजे किती डिझेल आणि किती हवा द्यायची याचे कोष्टक, किंचित बदलला तरी हा क्रमांक बदलतो. मूळ फाइल टाकल्यावर तो पुन्हा जुळेल हे मान्य, पण अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रामिंग झाले याची मोजणी वेगळी ठेवलेली असते. कंपनीच्या नोंदीत गाडीला एकदाही अपडेट दिलेले नसताना मोजणी तीन दाखवत असेल, तर अॅडव्हायझरला आणखी पुरावा शोधावा लागत नाही. फोक्सवॅगन समूहात तर अशा गाडीच्या नावापुढे केंद्रीय प्रणालीत टीडी१ हा शेरा पडतो आणि मग ती देशातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली तरी तो शेरा तिच्या आधी पोहोचलेला असतो.

याशिवाय फ्रीझ फ्रेम नावाचा प्रकार आहे. चेक इंजिनचा दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, भार, तापमान, वेग असे आकडे गोठवून ठेवले जातात, आणि काही गाड्यांत टर्बोचा दाबही. मूळ नकाशात जो दाब मागितलाच जात नाही, तो नोंदीत दिसला की विषय संपला. रीमॅप न करता डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये डबी बसवणारे लोक स्वतःला हुशार समजतात, पण ती डबी ईसीयूला खरा दाब कमी करून दाखवते आणि त्यामुळे ईसीयू तो वाढवत नेतो. डबी काढून घेतली तरी इंजेक्टरने सोसलेले पुसले जात नाही.

आता पहिला प्रश्न. टर्बो आणि रीमॅप यांचा संबंध सरळ आहे. जास्त टॉर्कसाठी जास्त डिझेल आणि जास्त हवा लागते. हवेसाठी टर्बोला अधिक फिरावे लागते आणि लहान टर्बो तर मूळच्याच नकाशात मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो. धुराड्यात जाणाऱ्या वायूचे तापमान वाढते. कंपनीने मूळ नकाशात जी सवड ठेवलेली असते, ती आळसाने ठेवलेली नसते. ती भेसळीच्या डिझेलसाठी, चोंदलेल्या एअर फिल्टरसाठी आणि आपल्याकडच्या ४२ अंशांच्या दुपारसाठी असते. ट्यूनर विकतो ती हीच सवड. तेव्हा टर्बो, इंजेक्टर, क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) यांचा क्लेम नाकारला गेला, तर वर्कशॉपचे म्हणणे सहसा टिकते.

कॉम्प्रेसरचे तसे नाही. तो क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि त्याला इंजिनाच्या टॉर्कशी कर्तव्य नसून फक्त फेऱ्यांशी असते. ट्यूनरने फेऱ्यांची कमाल मर्यादा वाढवली असेल तरच कंपनीला बोलायला जागा मिळते. तेव्हा ती मर्यादा बदललेली नाही, असे त्याच्याकडून लेखी घ्या. आणि मुख्य म्हणजे फोनवरच्या नकारावर विसंबू नका. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळे जॉब कार्ड उघडायला लावा आणि नकाराचे कारण प्रत्येक कार्डावर स्वतंत्रपणे लिहून मागा. मी काउंटरच्या पलीकडे अकरा वर्षे बसलो आहे. "ट्यूनिंगमुळे कॉम्प्रेसर जाम झाला" हे वाक्य सही करून लिहिण्याची वेळ आली की अॅडव्हायझरचा पेन थांबतो आणि तो एरिया मॅनेजरला फोन लावतो.

उत्तर २ (तालुका माजलगाव, जिल्हा बीड)

आमच्याकडे हा उद्योग ईसीयू येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, फक्त त्याला रीमॅपिंग न म्हणता पंप वाढवणे म्हणतात. ऊसतोडणीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी कितींच्या डिझेल पंपाचे सील शाबूत आहे, हे कारखान्याच्या गव्हाणीसमोरच्या रांगेत फिरून कोणीही पाहावे. पंपाच्या कमाल डिझेलच्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील मारलेले असते. मिस्त्री ती तार पक्कडीने तोडतो, पाना लावून स्क्रू थोडा फिरवतो आणि चहा येण्याच्या आत काम उरकतो. ट्रॅक्टर काळा धूर ओकत चढ चढू लागला की मालक खूश.

मीही तेच केले होते. दुसऱ्या हंगामात एक पिस्टन वितळून त्याला भोक पडले. डीलरचा माणूस आला, त्याने इंजिनाकडे नंतर पाहिले, आधी वाकून पंपावर टॉर्च मारला आणि तुटलेल्या तारेचा फोटो काढला. इंजिनाचा पूर्ण खर्च माझ्या अंगावर आला आणि तो यायलाच हवा होता. मात्र त्याच वर्षी हायड्रॉलिक लिफ्ट खाली बसू लागली, तेव्हा तोच डीलर वॉरंटीतून काम करायला आधी तयार नव्हता. मी वॉरंटीचे पुस्तक त्याच्या टेबलावर उघडून ठेवले. त्यात "अनधिकृत फेरफारामुळे उद्भवलेला बिघाड" असे शब्द होते. त्यातल्या "मुळे" या दोन अक्षरांवर मी अर्धा तास घालवला आणि लिफ्टचे काम फुकट झाले. आपल्या पुस्तकात नेमके कोणते शब्द आहेत, ते आधी पाहा.

जाता जाता एक सांगतो. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे ट्रेम ४ चे नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल (ईसीयूच्या हुकमाने डिझेल सोडणारी पद्धत) आले, त्यामुळे आता आमच्याकडचे मिस्त्रीही लॅपटॉप घेऊन फिरू लागले आहेत. तार दिसत नाही म्हणून सील नाही, असा समज कोणी करून घेऊ नये.

उत्तर ३ (लातूर)

"मुळे" या शब्दाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, पण सर्वच पुस्तकांत तो असतो असे नाही. काही ठिकाणी "वाहनात फेरफार केल्यास वॉरंटी संपुष्टात येईल" असे सरसकट लिहिलेले असते. तसे असेल तर आपली बाजू अवघड होते, तरी संपत नाही. ज्या दोषाचा फेरफाराशी काडीचा संबंध नाही त्याचाही क्लेम नाकारणे ही सेवेतील त्रुटी आहे, असा युक्तिवाद ग्राहक आयोगापुढे करता येतो.

यूट्यूबवरील व्हिडिओ पाहून अनेक जण एका अमेरिकन कायद्याचा दाखला देतात. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तेथे विक्रेत्याला विशिष्ट ब्रँडचेच सुटे भाग वापरण्याची अट वॉरंटीला जोडू देत नाही. तो येथे लागू नाही आणि सर्व्हिस मॅनेजरसमोर त्याचे नाव घेऊन फक्त हसे होईल. आपल्याकडे आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. आपण राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे जालन्याच्या जिल्हा आयोगात, तक्रार दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. गाडीसाठी भरलेली रक्कम दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क ४०० रुपये आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. निम्मी प्रकरणे तेथेच मिटतात असे मी म्हणणार नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयातून उत्तर येते आणि ते लेखी असते.

दोष नेमका कशाने झाला याबद्दल वाद राहिला, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. म्हणून पैसे भरून कॉम्प्रेसर बदलून घ्यायची वेळ आलीच, तर जुना कॉम्प्रेसर वर्कशॉपमध्ये सोडू नका. तो मागून घ्या आणि तशी नोंद बिलावर करून घ्या.

आपल्या बाजूचा कच्चा दुवाही सांगायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. समोरचा वकील हे काढणार, असे धरून चला. रीमॅपबरोबर डीपीएफ किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी प्रदूषणरोधक यंत्रणा) बंद केलेले असेल, तर आयोगाकडे जाण्याआधी दहा वेळा विचार करा. विमा कंपनीलाही फेरफार कळवलेला नसेल तर अपघाताच्या क्लेमच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. पुस्तकात "मुळे" निघाला. दोन वेगळी जॉब कार्डे उघडायला लावली. टर्बोच्या कार्डावर नकार लगेच लिहून मिळाला, कॉम्प्रेसरच्या कार्डावरची जागा मात्र चार दिवस कोरीच राहिली. ट्यूनरने फेऱ्यांच्या मर्यादेबाबत लिहून द्यायला टाळाटाळ केली, म्हणून मी त्याला व्हॉट्सअॅपवर विचारले आणि तेथे त्याने "आरपीएम लिमिट को हाथ नहीं लगाया" असे उत्तर दिले, ते छापून जोडले. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर सहाव्या दिवशी कॉम्प्रेसर वॉरंटीतून मंजूर झाला.

टर्बोचे पैसे भरले. तो उघडला तेव्हा मी मुद्दाम समोर उभा राहिलो. मेकॅनिकने शाफ्ट दोन बोटांत धरून वरखाली हलवला तर तो खुळखुळ वाजत होता, आणि पंख्याच्या पात्यांची टोके घासून चकाकत होती. डीपीएफ शाबूत आहे. मूळ फाइल टाकलेली आहे आणि तीच राहील. विमा कंपनीला काय कळवायचे, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.