‘इक्वेटोरियल माउंट’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (दादर)
शाळकरी मुलांसाठी दुर्बीण मांडण्याची मराठी पुस्तिका लिहीत आहे आणि ‘इक्वेटोरियल माउंट’पाशी, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसवून ताऱ्यामागे फिरवतात त्या आधारापाशी, गाडी अडली आहे. मसुद्यात मी ‘विषुववृत्तीय आरोहण’ असे लिहिले होते. वांगणीच्या आकाशदर्शनात तो मसुदा वाचून नववीतल्या एका मुलीने विचारले, की ही दुर्बीण विषुववृत्तावर नेऊनच वापरायची असते का? तिची शंका रास्त आहे. या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा असतो, म्हणजे मुंबईत तो क्षितिजापासून सुमारे १९ अंश उचलून उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखायचा असतो. एकदा तो नीट लागला, की तासाला सुमारे १५ अंश या गतीने तेवढा एकच अक्ष फिरवत राहिल्यास तारा नजरेतून निसटत नाही. या साऱ्या कृतीत मुलांना विषुववृत्त कुठेच भेटत नाही. मग नावात ते कशाला? नेमका आणि मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द कोणी सुचवील काय?

प्रतिसाद (गिरगाव)
आधी ‘आरोहण’ काढून टाकावे. ध्वजारोहणात आणि गिर्यारोहणात वर चढण्याची क्रिया आहे. इथे ज्यावर दुर्बीण बसते ती वस्तू आहे. आपण स्वतःच विचारणेत सहज ‘बैठक’ लिहून गेलात, तोच शब्द ठेवावा. ‘विषुववृत्तीय’ऐवजी मी ‘ध्रुवाभिमुख बैठक’ सुचवतो, कारण त्या नावातच काय करायचे ते सांगितलेले आहे. मुख्य अक्षासाठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे. भास्कराचार्यांनी गोलयंत्राची, म्हणजे आकाशगोलाच्या प्रतिकृतीची, रचना सांगताना मधल्या दांडीला ‘ध्रुवयष्टी’ म्हटले आहे. तो टाकून ‘पोलर ॲक्सिस’चे शब्दशः भाषांतर करण्यात मला काही स्वारस्य वाटत नाही.

प्रतिसाद (मुलुंड)
‘ध्रुवयष्टी’ सुंदर आहे, पण ‘ध्रुवाभिमुख’ला माझा विरोध आहे. ध्रुव म्हटले की मराठी माणूस ध्रुवतारा पाहतो आणि अक्ष थेट त्या ताऱ्यावर रोखतो. खरा ध्रुवबिंदू त्या ताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. नुसते पाहण्यासाठी एवढा फरक चालून जातो. छायाचित्र घ्यायचे असेल तर मुळीच चालत नाही. शिवाय ‘विषुववृत्तीय’ हे नाव चुकीचे नाही. ध्रुवयष्टीभोवती फिरणारी दुर्बीण आकाशातल्या विषुववृत्ताला समांतर वर्तुळे काढते, म्हणून ते नाव पडले. आपल्या परंपरेतही यंत्राला पातळीवरून नाव देण्याची रीत होतीच: ज्याची पाटी नाडीवृत्ताच्या, म्हणजे याच वृत्ताच्या, पातळीत असते ते सूर्यघड्याळ म्हणजे नाडीवलय. मुलीचा गोंधळ झाला तो भूगोलाच्या पुस्तकातल्या विषुववृत्तामुळे. मराठी विश्वकोशात आकाशातल्या वृत्ताला ‘वैषुविक वृत्त’ म्हटलेले आढळते. तेव्हा ‘वैषुविक बैठक’ म्हणावे. पृथ्वीवरचे ते विषुववृत्त आणि आकाशातले ते वैषुविक, हा भेद एकदा समजावला की प्रश्न मिटतो.

प्रतिसाद (लालबाग)
मी यंत्रशाळेत आयुष्य काढले आहे, त्यामुळे हाताला लागणाऱ्या भागांविषयी लिहितो. माउंटला मुले माउंटच म्हणणार, त्यांना म्हणू द्यावे. मराठी शब्द खरोखर हवा आहे तो दुर्बिणीच्या विरुद्ध बाजूला दांड्यावर बसवायच्या वजनासाठी, आणि तो आपल्याकडे आहे: पासंग. आधी अक्ष घट्ट धरणारा क्लच सैल करायचा, दांडा आडवा धरायचा आणि हात हळूच ढिला करायचा. दुर्बिणीची बाजू खाली जाऊ लागली तर पासंग दांड्यावर बाहेर सरकवायचा, दांड्याची बाजू जाऊ लागली तर आत घ्यायचा. हात काढल्यावरही दांडा जागच्या जागी राहिला, की पासंग जुळला.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट जरूर लिहावी. बहुतेक सूचनापत्रकांत युरोप-अमेरिकेचे अक्षांश धरलेले असतात. आपल्या १९ अंशांवर ध्रुवयष्टी जवळजवळ आडवी होते, त्यामुळे दुर्बीण वर असताना दांडा जवळजवळ उभा लोंबतो आणि पासंग तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर थडकतो. मग तिवई फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला घ्यावी लागते, किंवा जड वजन लावून ते दांड्यावर आखूड अंतरावर ठेवावे लागते.

प्रतिसाद (पार्ले)
माहिती उपयुक्त आहे, पण पासंग इथे बसत नाही. तराजूची पारडी मुळात असमान असतील तर तो दोष झाकण्यासाठी हलक्या बाजूला टाकतात तो पासंग. म्हणूनच ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो. त्यात क्षुल्लकपणा गृहीत आहे. इथले वजन काही किलोंचे असते आणि तो रचनेचाच भाग असतो. शिवाय शब्द फारसी आहे. ‘प्रतिभार’ म्हणावे.

प्रतिसाद (लालबाग)
दुर्बीणही फारसीच आहे. ती चालते तर पासंगानेच काय घोडे मारले? प्रतिभार हा शब्द वाचून कोणाचा हात वजनाकडे जाईल असे मला वाटत नाही.

प्रतिसाद (दादर)
‘बैठक’ स्वीकारली आहे. ‘वैषुविक’ मुलांना जड जाईल का, हे अजून ठरवू शकलेलो नाही. पण दुसरा पेच समोर आला आहे. बैठकीच्या दोन अक्षांवर दोन चकत्या असतात. त्यांपैकी ध्रुवयष्टीवरच्या चकतीने जे मोजतात, म्हणजे ताऱ्याचे वैषुविक वृत्ताच्या दिशेने पूर्व-पश्चिम स्थान, त्याला बरेच जण ‘विषुवांश’ म्हणतात, तर विश्वकोशात ताऱ्यांची स्थाने ‘होरा’ (हेच स्थान) आणि ‘क्रांती’ (त्या वृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेले अंतर) यांनी दिलेली आहेत. प्रत्यक्ष चकतीवर आकडे असतात ० ते २४ तासांचे. ‘विषुवांश’ वाचून मूल तिथे अंश शोधत बसेल. म्हणून माझे मन होरेकडे झुकते आहे.

प्रतिसाद (गिरगाव)
‘होरा’ उत्तमच. अहोरात्र या शब्दातले पहिले आणि शेवटचे अक्षर गळून होरा झाला, अशी व्युत्पत्ती वराहमिहिराने दिली आहे. शंभर टक्के आपला शब्द.

प्रतिसाद (मुलुंड)
वराहमिहिराने ती व्युत्पत्ती ‘काही जण असे म्हणतात’ या शब्दांत नोंदवली आहे. होरा हा ग्रीकांकडून आलेला शब्द आहे आणि आपण रोज वापरतो ते केंद्रही. दीड हजार वर्षे पचलेल्या शब्दाला देशी ठरवण्याची काय निकड आहे? माझी अडचण निराळी आहे. पंचांग पाहणाऱ्या घरातल्या मुलाला होरा म्हणजे शुक्राची होरा, गुरूची होरा. त्यातच पुढे ‘होराकोन’, म्हणजे तारा डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून किती सरकला ते, शिकवायचा आहे, आणि तो तर क्षणोक्षणी बदलतो.

प्रतिसाद (पार्ले)
होरेहून क्रांतीची काळजी करा. क्रांती म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे १८५७ उभे राहते. एका भाषांतरित सूचनापत्रकात मी ‘होकायंत्र वापरताना स्थानिक क्रांतीची दुरुस्ती करावी’ असे वाक्य पाहिले आहे. तिथे हवा होता ‘दिक्पात’, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक. इंग्रजीत दोहोंना ‘डेक्लिनेशन’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन असताना ते एक करून टाकणे हे आपल्या भाषेचे नुकसान आहे. मुंबईत दिक्पात एका अंशाहून कमी आहे, म्हणून इथे ती चूक अंगाशी आली नाही एवढेच.

प्रतिसाद (गिरगाव)
क्रांती शिकवणे अवघड नाही. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, कारण सूर्याची क्रांती तेव्हा आपल्या अक्षांशाइतकी, १९ अंश, झालेली असते. हे एकदा अंगणात उभे करून दाखवले की मूल तो शब्द विसरत नाही.

प्रतिसाद (मुलुंड)
मान्य. पण मग त्या दुसऱ्या चकतीला पुस्तिकेत काय म्हणणार? ‘क्रांतीचे वर्तुळ’ लिहिलेत तर जाणता वाचक ते क्रांतिवृत्त समजेल, आणि क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा वार्षिक मार्ग.

प्रतिसाद (लालबाग)
तबकडी म्हणा. घड्याळाची असते तशीच ही. होरेची तबकडी, क्रांतीची तबकडी.

प्रतिसाद (पार्ले)
घड्याळाची तबकडी स्थिर असते आणि काटे फिरतात. इथे काटा स्थिर राहून चकती फिरते, असे काही बैठकींत दिसते. ‘अंशचक्र’ म्हणावे.

प्रतिसाद (दादर)
पण होरेच्या चकतीवर अंश नसतात, ही तर मूळ अडचण होती.