गोवँने लांतनाकला सोडलं ते चूकच!

मुक्ता_वाचते: व्हिक्टर ह्यूगोची शेवटची कादंबरी 'नाइंटी-थ्री' (१८७४) परवा संपवली, अजून डोक्यातून जात नाही. (पुढे शेवट फोडलाय.) १७९३ साली पश्चिम फ्रान्समधल्या व्हाँदेचे शेतकरी राजा आणि चर्चसाठी प्रजासत्ताकावर उठले. कादंबरीत त्यांचा म्होरक्या मार्की लांतनाक, आणि त्याला पकडायला आलेला प्रजासत्ताकाचा सेनापती गोवँ त्याचा चुलत नातू लागतो. वेढ्यातून लांतनाक भुयारी वाटेने निसटतो. पण आगीत अडकलेल्या तीन पोरांच्या आईचा टाहो ऐकून मागे फिरतो, खिशातल्या किल्लीने लोखंडी दार उघडून पोरं बाहेर काढतो आणि पकडला जातो. गोवँ रात्री आपला झगा त्याच्या अंगावर टाकून त्याला सोडून देतो! हा मला सरळ विश्वासघात वाटतो. तेल्मार्श नावाचा भिकारी सुरुवातीला याच लांतनाकला आसरा देतो. पुढे बघतो तर लांतनाकच्या हुकमाने वस्ती जळालेली, माणसं गोळ्या घालून मारलेली. त्यांतच त्या पोरांची आई, जेमतेम धुगधुगी उरलेली. त्या दयेचं काय झालं ते ह्यूगोनेच दाखवलंय की!

ओसरी: तेल्मार्शने वाचवला तो जीव घेऊन पळणारा लांतनाक. गोवँने सोडला तो सुटल्यावर आपण होऊन परत आलेला. मागे फिरलं की गिलोटिन, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोघांना एका मापाने कसं मोजता?

मुक्ता_वाचते: आग लावली कुणी? त्याच्याच माणसाने, इमानुसने. पोरं ओलीस कुणी ठेवली? आपल्याच लोकांनी लावलेल्या आगीतून पोरं काढली म्हणून सगळे खून माफ? उद्या तो पुन्हा गावं जाळेल, तेव्हा त्या मुडद्यांचा जाब कुणी द्यायचा?

जुनी_वही: गावं जाळण्यात प्रजासत्ताकही मागे नव्हतं. १७९४ मध्ये त्यांचा सेनापती त्युरो याच्या पलटणींनी व्हाँदेत वस्त्याच्या वस्त्या पेटवल्या, १७९३-९४ च्या हिवाळ्यात नाँत शहरात प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी कारिये याने कैदी ल्वार नदीत बुडवून मारले. ह्यूगोचे वडील स्वतः व्हाँदेत प्रजासत्ताकाकडून लढलेले. शिवाय कादंबरी आली ती १८७१ चा पॅरिस कम्यून (तिथल्या बंडखोरांचं अल्पकाळचं सरकार) चिरडल्यानंतर, आणि त्या बंडखोरांना माफी द्या म्हणून ह्यूगो भांडत होता. हरलेल्या शत्रूचं काय करायचं, हा त्याच्या दारातलाच प्रश्न होता.

मुक्ता_वाचते: माफी सरकारने द्यावी, सेनापतीने रात्री परस्पर नव्हे. कैद्याला पळवणाऱ्याला मृत्युदंड, हा हुकूम गोवँला माहीत होता. गोवँवरच्या खटल्यात मी न्यायाधीश असते तर कॅप्टन गेशाँसारखं मृत्यूच्या बाजूने मत दिलं असतं. रडत दिलं असतं, पण दिलं असतं.

ओसरी: मी सार्जंट रादूबच्या बाजूने. जंगलात ती पोरं सापडली तेव्हा याच रादूबच्या सांगण्यावरून त्याच्या प्रजासत्ताकवादी बटालियनने त्यांना दत्तक घेतलं होतं. तिघा न्यायाधीशांत 'सोडा' म्हणणारा तो एकटाच.