गोरखचिंच: समुद्रातून वाहत आली की माणसांनी आणली? आणि बी रुजवायचं कसं?

पानगळ: वसई किल्ल्यातल्या गोरखचिंचा (म्हणजे आफ्रिकेतले बाओबाब) पोर्तुगीजांनी लावल्या असं सर्रास ऐकू येतं. फळ पाण्यावर तरंगतं, मग ते आफ्रिकेहून आपसूक आलं नसेल का? खोडाच्या घेरावरून वय काढता येतं का? शिवाय ताज्या फळातलं बी रुजत नाही, ते का?

खारावारा: तरंगण्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. बाओबाबचीच एक भाऊबंद जात ऑस्ट्रेलियात आहे आणि गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटला त्याच्या कितीतरी नंतर ती तिथे पोचली, बहुधा समुद्रमार्गेच. पण आपल्याकडची झाडं बघा कुठे आहेत: किल्ले, दर्गे, जुनी बंदरं. रानात आपोआप वाढलेली क्वचितच दिसतात. जनुकीय अभ्यासही सांगतो की आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून ती माणसांनीच, वेगवेगळ्या वेळी आणली. अरब व्यापारी, हबशी सैनिक आणि खलाशी, मग पोर्तुगीज. सगळं श्रेय पोर्तुगीजांना देणं मात्र चूक. प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) झुंसीचं झाड लाकडाच्या रेडिओकार्बन चाचणीनुसार सुमारे 800 वर्षांचं निघालं, आणि वास्को द गामा आला 1498 मध्ये.

घेरावरून वय काढू नका. जुनी खोडं बरेचदा अनेक बुंधे जुळून झालेली असतात, मधे पोकळी असते, आणि पाण्याच्या साठ्यानुसार घेर कमीजास्तही होतो.

कुंडीवाला: बियांचं कवच दगडासारखं असतं, आफ्रिकेत हत्ती-माकडांच्या पोटातून गेल्यावर ते मऊ पडतं. इथे ते काम आपण करायचं. गर दिवसभर पाण्यात भिजवून बी चोळून धुवा, गर राहिला की बुरशी हमखास. मग कानशीने एका बाजूला आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासा. डोळ्याची बाजू (बी फळाला जिथे चिकटलेली असते ती) सोडून, नाहीतर अंकुरच जातो. 24 तास कोमट पाण्यात ठेवा. फुगलेली पेरा, न फुगलेली पुन्हा घासा.

अर्धी जाड वाळू, अर्धी माती, 2 सेंमी खोल. कुंडी निदान 30 सेंमी उंच हवी, सोटमूळ गाजरासारखं जाडजूड होतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पेरलं की एक ते तीन आठवड्यांत उगवतं.

पहिली पानं साधी, अखंड असतात. पंजासारखी नंतर येतात. "नर्सरीवाल्याने फसवलं" म्हणत लोक रोप उपटतात ते इथेच.

पानगळ: आणि हिवाळ्यात पानं झडली तर?

कुंडीवाला: झडणारच. पाणी जवळजवळ बंद करा. रोप मेलंय समजून रोज पाणी घातलं की मूळ कुजतं. बुंधा बोटाने दाबून बघा: टणक लागला तर जिवंत, पिचपिचीत लागला तर संपलं.

खारावारा: जमिनीत लावताना इमारतीपासून 15 मीटर तरी सोडा. आणि बुंध्याला लागून सिमेंटचा पार नकोच. खोड फुगायला जागा उरत नाही, पावसाचं पाणी बुंध्याशी साचतं आणि लाकूड स्पंजासारखं असल्याने आतून सडत जातं.