चारातलं एक इंजिन गेलं, तरी पुढे जायचं?

चक्रधर: फेब्रुवारी २००५. ब्रिटिश एअरवेजचं चार इंजिनांचं बोइंग ७४७ विमान रात्री लॉस एंजलिसहून लंडनला निघालं. जमीन सोडते न सोडते तोच डावीकडच्या आतल्या इंजिनातून ज्वाळा. वैमानिकांनी ते बंद केलं, कंपनीशी बोलले आणि उरलेल्या तिनांवर थेट लंडनची वाट धरली. शेवटी इंधनाची धाकधूक, आणीबाणी जाहीर, उतरले मँचेस्टरला. मागे साडेतीनशे प्रवासी! माझ्या मते सरळ परत फिरायचं होतं.

नाना_पुणे: चक्रधरराव, अमेरिकेचा नियमच बघा. दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या योग्य विमानतळावर उतरावंच लागतं. तीन किंवा जास्त असली की कॅप्टनला मुभा. आणि परत फिरणं काय फुकट असतं? टाक्या तुडुंब, उतरायला वजन जास्त; आधी टनावारी इंधन समुद्रावर सोडायचं, मग उतरायचं. त्यापेक्षा अमेरिका ओलांडेपर्यंत खाली विमानतळच विमानतळ.

मीरा_के: अमेरिका ठीक हो, अटलांटिकचं काय? तीन इंजिनांवर विमान खालून उडतं, इंधन जास्त पितं. त्यात विमानाला उशीर झाला तर कंपनीने प्रवाशांना भरपाई द्यायची, हा युरोपचा नियम त्याच आठवड्यात लागू झालेला. पैशाचा संबंध नाही म्हणाली कंपनी. असेल बुवा.

नाना_पुणे: इंधन संपलं नव्हतं. एका टाकीतलं वापरता येईल की नाही, अशी वैमानिकांना शंका आली. तो प्रशिक्षणाचा प्रश्न. ब्रिटिश तपासयंत्रणेनेही पुढे जाणं बेजबाबदार ठरवलं नाही. अशा वेळेसाठी स्पष्ट सूचना हव्यात म्हणाली.

चक्रधर: म्हणजे स्पष्ट सूचना नव्हत्या, हे तुम्हीच सांगताय! इंजिनाने जाताना आणखी काय तोडलं, हे वर बसून कळणार कसं? ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं उड्डाण ३२ आठवा, नोव्हेंबर २०१०. एअरबस ए३८०, तेही चार इंजिनांचं विमान. त्याच्या एका इंजिनातली चकती फुटली, तुकडे पंखातून आरपार. सिंगापूरला परत उतरल्यावरही बाहेरचं एक इंजिन बंद होईना, वायरीच तुटलेल्या. अग्निशमनवाले तासन्तास त्यावर पाणी मारत होते.

नाना_पुणे: तिथे कॉकपिटमध्ये इशाऱ्यांची रांग लागली होती, म्हणूनच ते फिरले. ७४७ वर बाकी सगळं ठाकठीक होतं. दोन्हींना एकच माप कसं लावता?

मीरा_के: २०१७ ला एअर फ्रान्सच्या ए३८० चं इंजिन ग्रीनलंडवर फुटलं. उतरले कॅनडात गूस बेला. एवढ्या माणसांची तिथे सोय नाही, लोक तासन्तास विमानातच. मला ते चालेल. पाय आखडतील, एवढंच ना?