रंकाळ्याची फेरी म्हणजे औषध नव्हे

प्रयागकाठ
काल इथं एका भावानं लिहिलं, 'डिप्रेशन हे पुण्या-मुंबईचं खूळ. कोल्हापुरी माणसानं रंकाळ्याला फेरी मारावी, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यावं, मित्रांत बसावं, टेन्शन गायब.' खाली 'नाद खुळा'ची रांग. वाचून डोकं तापलंय.

माझे सासरे चिखलीचे. २०१९ च्या पुरात म्हशी दावणीलाच गेल्या, दावं सोडायला सवड मिळाली नाही. तेव्हापासून जुलै लागला की माणूस झोपायचा नाही. 'राजाराम बंधारा किती?' दर तासाला हाच प्रश्न. तिथं पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोराबाळांना पाठ आहे. पण पाणी २० फुटांवर असतानाही मामंजी मध्यरात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जायचे आणि सगळ्या दाव्यांच्या गाठी सोडून ठेवायचे. सकाळी जनावरं रस्त्यावर. २०२१ ला परत पूर आला, तेव्हा त्यांनी जेवणच टाकलं.

हा माणूस जन्मभर धारोष्ण दूधच प्यायला. लाल मातीत घुमलेला. भाऊबंद, पार, दोस्त, कशाची कमी नव्हती. झोप लागली ती सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार विभागात नेल्यावर, गोळ्या सुरू झाल्यावर. नेतानासुद्धा घरातलेच म्हणाले, 'आता काय रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ठेवणार?' ही भीती असल्या पोस्टींनीच वाढते.

आणि पहाटेची ती फेरी कोण मारतं? त्या वेळी घरात डबे कोण भरतं? बाई तासभर एकटी बसली तर 'हिला काय झालंय?' म्हणून चौकशी सुरू होते.

दूधकट्टा
ताई, तुमच्या सासऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं. ते खरं आजारपण. मी बोललो आजकालच्या पोरांबद्दल. मार्क कमी पडले, डिप्रेशन. पोरगी सोडून गेली, डिप्रेशन. आमच्या वडिलांनी शिरोलीत भट्टीसमोर उभं राहून तीन बहिणींची लग्नं केली. त्यांना कुणी विचारलं, मन कसं आहे म्हणून?

उद्यमनगर
नाही विचारलं, हेच तर दुखणं आहे. माझे वडीलही फौंड्रीतच. सुट्टी झाली की गुत्ता, मग घरात ताट भिरकावणं. आम्ही त्याला 'अण्णांचा स्वभाव' म्हणायचो. आई तर म्हणायचीच नाही काही.

दूधकट्टा
सगळ्यांचे वडील पीत नव्हते. माझ्या वडिलांना त्यात ओढायचं काम नाही.

शाहूपुरीकर
मनाची काळजी नंतर, आधी झोपू तर द्या. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, नियम २००० सालचा. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या गल्लीतून डॉल्बी गेला की खिडकीच्या काचा वाजतात. आईची अँजिओप्लास्टी झालीय. कानावर उशी दाबून ती मागच्या मोरीत जाऊन बसते.

पैलवान
झालं, शेवटी सगळं तालमींवरच! वर्षातून एक मिरवणूक, तीही बघवत नाही. २०१९ ला गळ्याएवढ्या पाण्यातून माणसं कुणी काढली? तालमीच्या पोरांनी. तेव्हा डेसिबल मोजत होता का?

शाहूपुरीकर
काढली, आणि त्याबद्दल हात जोडतो. म्हणून आमच्या आईची झोप तुमच्या मालकीची झाली का? आणि वर्षातून एक? आगमन वेगळं, विसर्जन वेगळं, जयंती वेगळी, वर नेत्यांचे वाढदिवस.

पैलवान
त्रास होत असेल तर गावाबाहेर फ्लॅट घ्या. पेठेचा सण पेठेतच होणार.

उद्यमनगर
वा! म्हणजे पेशंटनं घर सोडायचं, डॉल्बीनं नाही. आमच्या पेठेत बाळंतीण होती, तिच्या भावानं आवाज कमी करा म्हटलं तर कॉलर धरली होती. कुठल्या तालमीचं सांगू का?

पैलवान
सांगा की, भितोय काय!

प्रयागकाठ
डॉल्बीचा धागा वेगळा काढा, हात जोडते. कामाचं तेवढं लिहिते. १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुसरं, २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो. पॉलिसी घरात असेल तर वाचून बघा.

दूधकट्टा
नंबर घेतलाय. भाचा दहावीच्या निकालापासून खोलीबाहेर येत नाही, बहिणीला देतो. पण रंकाळ्याला घेऊन पण जाणार त्याला. त्यात काही वाईट नाही.

प्रयागकाठ
मुळीच नाही. डॉक्टरांनी मामंजींनाही रोज चालायला सांगितलंय. फक्त 'गोळ्या सोड आणि चाल' असं त्याला म्हणू नका. आणि मार्कांवरून वरचं वाक्य त्याच्यासमोर तर अजिबात नको.

दूधकट्टा
बरं. नाही बोलत.

पैलवान
आमच्या मंडळाचं सांगतो. या वर्षी दवाखाना आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरापुढं बेस कमी करायला लावतो. पण तालमीला नावं ठेवलेली खपणार नाहीत.

शाहूपुरीकर
कमी म्हणजे किती? मीटर लावून आकडा इथं टाका. आणि म्हातारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत.