मदत हवी आहे : फायटर माशाची शेपटी झिजते आहे; आधी औषध द्यावे की आधी टँक बदलावा?

नमस्कार.

आमच्या शेजारचे कुटुंब दिवाळीनंतर बदलीमुळे परगावी गेले आणि जाताना त्यांचा फायटर मासा, म्हणजे बेट्टा, आमच्याकडे सोपवून गेले. मासा नर आहे. अंग गडद निळे आणि शेपटी लांब व लालसर आहे. त्याच्यासोबत साधारण चार लिटर पाणी मावणारे काचेचे गोल भांडे, तळाची रंगीत खडी आणि एक प्लॅस्टिकचे रोप आले. आठवड्यातून एकदा भांडे पूर्ण रिकामे करून धुवावे व ताजे पाणी भरावे, अशी सूचना त्यांनी दिली होती आणि आजवर तसेच चालू आहे.

थंडी वाढू लागल्यापासून मात्र माशाची प्रकृती उतरत चालली आहे. शेपटीची कड सुरुवातीला केवळ विरल्यासारखी दिसत होती. आता ती जागोजागी फाटली असून फाटलेल्या भागाला तपकिरी-काळसर रेघ आली आहे. दिवसाचा बराच वेळ तो खडीवर एका अंगाला टेकून पडलेला असतो, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाला जातो. दाणा टाकला की जवळ येतो, तोंडात घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नाहीत, खवले उभे राहिलेले नाहीत आणि पोटही फुगलेले नाही. रात्री दिवे मालवून टॉर्चच्या उजेडात निरखले, तेव्हा अंगावर सोनेरी थरही आढळला नाही.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण गोम तिथेच असावी असा मला संशय आहे. आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहतो. सोसायटीच्या टाकीत महापालिकेचे पाणी आणि बोअरचे पाणी एकत्र होते आणि त्यांचे प्रमाण रोज बदलते, त्यामुळे कोणत्या दिवशी नळाला कसले पाणी येईल याचा भरवसा नसतो. तोट्यांवर पांढरा क्षार साचतो. सकाळी भांड्यातील पाणी १८-१९ अंशांवर असते आणि दुपारी खिडकीतून ऊन आले की २४ अंशांपर्यंत चढते.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले, पण एकाचा सल्ला दुसऱ्याशी जुळत नाही. दुकानदाराने निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, दिले आहे. त्याची बाटली मी अद्याप उघडलेली नाही. एक नातेवाईक मीठ टाका म्हणतात, दुसरे माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगतात, तर एका परिचितांनी पाणी थेट ३० अंशांपर्यंत तापवण्याचा सल्ला दिला. इमारतीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर मासा गोदावरीत सोडून द्यावा, तेवढाच बिचारा सुटेल, असे सुचवले. आमच्या भागातील पशुवैद्यांनी आपण मासे तपासत नसल्याचे प्रांजळपणे सांगितले.

मला जाणकारांकडून असे समजून घ्यायचे आहे की, अशा अवस्थेतील माशाला नव्या टँकमध्ये हलवणे त्याला झेपेल का, की याच भांड्यात उपचार करून तो सावरल्यावर घर बदलावे? टँक घ्यायचा झाल्यास किती लिटरचा घ्यावा आणि आमच्याकडच्या पाण्यावर काय प्रक्रिया करावी? जागा हॉलमधील कपाटावर दोन फुटांपर्यंत आहे.

प्रतिसाद

ताई, जे दिसते त्याबरोबर जे दिसत नाही तेही आपण लिहिलेत, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले आहे. पांढरे ठिपके नसल्याने इक (पांढऱ्या ठिपक्यांचा आजार) नाही, टॉर्चमध्ये थर न दिसल्याने वेल्व्हेट (अंगावर सोनेरी थर आणणारा आजार) असण्याची शक्यता कमी आणि खवले बसलेले असल्याने ड्रॉप्सीही (पोट फुगून खवले उभे राहण्याचा विकार) नाही. उरतो तो शेपटी कुजण्याचा आजार, ज्याला दुकानांत फिन रॉट म्हणतात. तो करणारे एरोमोनास किंवा स्यूडोमोनास गटातील जिवाणू पाण्यात एरवीही असतात आणि धडधाकट माशाचे सहसा काही बिघडवू शकत नाहीत. गारठ्याने व घाण पाण्याने माशाची प्रतिकारशक्ती खचली की ते शेपटीच्या कडेपासून आत शिरतात. त्यामुळे आधी पाणी आणि मग, गरज उरलीच तर, औषध असे माझे स्पष्ट मत आहे. मासा आता हलवलेला चालेल. त्याच भांड्यात ठेवून उपचार करणे अधिक धोक्याचे आहे.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात मिसळतो. मुरलेल्या, म्हणजे उपयुक्त जिवाणू रुजलेल्या, टँकमध्ये जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतो. फिल्टर नसलेल्या चार लिटरच्या भांड्यात हे जिवाणू जेमतेम खडीवर रुजतात आणि दर आठवड्याला भांडे धुताना तेही वाहून जातात. म्हणजे आठवडाअखेरीस मासा अमोनियात असतो आणि धुण्याच्या दिवशी एकदम वेगळ्या तापमानाच्या व वेगळ्या पीएचच्या (आम्ल-अल्क पातळीच्या) पाण्यात पडतो. त्यात आपल्याकडे बोअरचे पाणी. तोट्यांवर क्षार धरतो त्याअर्थी ते जड आहे आणि बहुधा अल्कधर्मीही असेल. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून सर्वांत आधी द्रवाचे थेंब टाकून तपासण्याचा संच आणावा आणि अमोनिया, नायट्राइट, पीएच हे तिन्ही मोजावेत. पट्ट्या स्वस्त असतात, पण त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

टँक दीड फूट लांबीचा, साधारण २५ लिटरचा घ्यावा. हा मासा मूळचा थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. तिथल्या भातखाचरांत आणि संथ कालव्यांत पाणी उथळ असते, पण ते दूरवर पसरलेले, उबदार आणि वनस्पतींनी भरलेले असते. त्यातला ‘उथळ’ एवढाच शब्द उचलून दुकानदार भांडी विकतात, याचा मला मनापासून राग येतो. लॅबिरिंथ या अवयवामुळे बेट्टा थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो अशा भांड्यात मरायला वेळ लावतो, इतकेच.

हिटर ५० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला घ्यावा आणि त्याच्या आकड्यावर न विसंबता वेगळा थर्मामीटर लावावा. नव्या टँकचे पाणी सुरुवातीला भांड्यातील पाण्याच्या तापमानाइतकेच ठेवावे, तासाभरात थोडेथोडे नवे पाणी मिसळत माशाला सवय करावी, मग तो सोडावा आणि रोज एक-दोन अंश वाढवत २६ पर्यंत न्यावे. पाणी बदलताना हिटरचे बटण आधी बंद करावे, कारण तापलेला हिटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. फिल्टर साधा स्पंजचा, एअर पंपावर चालणारा पुरेसा आहे. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या वापरातील स्पंजाचा तुकडा मागून आणावा. त्यासोबत उपयुक्त जिवाणूही येतात. तसा मिळाला नाही तर टँक मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया ०.२५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२५ भाग) वर दिसला की पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे, एकदम पूर्ण कधीही नाही. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकावे. स्पंज तुंबल्यास नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

निळे औषध बंदच राहू द्यावे. बुरशीवर आणि अंड्यांच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग होतो, पण टँकमध्ये टाकल्यास ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मारते आणि टँकच्या सांध्यांतील सिलिकॉन कायमचे निळे करते. मीठ चालेल. आयोडिन नसलेले खडे मीठ लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू मिसळावे आणि आठवडा-दहा दिवसांनी थांबवावे. मीठ पाण्याबरोबर उडत नाही, म्हणून बाष्पीभवनाची तूट भरताना पुन्हा मीठ टाकायचे नसते. जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्यापुरते टाकायचे.

गोदावरीचा विचार मनातून काढून टाकावा. डिसेंबरातल्या पाण्यात हा मासा तगणार नाही आणि परका, आजारी मासा नदीत सोडणे नदीतल्या माशांनाही हिताचे नाही.

प्रतिसाद

वरील बहुतेक सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. परंतु तापमान वाढवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी असे वाटते. माशाच्या तोंडाभोवती पांढुरका थर किंवा पाठीवरच्या पराजवळ दोन्ही बाजूंना उतरणारा फिकट पट्टा दिसतो का, हे दिवसाउजेडी पाहावे. तसे असल्यास तो कॉलमनॅरिस असू शकतो. तो फ्लेव्होबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि उबदार पाण्यात अधिक वेगाने पसरतो. अशा वेळी पाणी २४ अंशांच्या आसपास राखून त्वरित उपचार करावे लागतात. तसा थर नसेल तर २६ अंशांना माझी हरकत नाही; मात्र ३० अंशांचा सल्ला या आजारात कोणत्याही परिस्थितीत मानू नये.

रात्री वीज गेल्यास एवढ्या लहान टँकमधील पाणी लवकर निवते. थर्माकोलचे तुकडे तिन्ही बाजूंनी लावावेत आणि वर जाडसर चादर टाकावी, मात्र हवा खेळायला थोडी फट ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. तोंडाजवळ किंवा पाठीवर कोणताही थर नाही, हे खिडकीपाशी नीट पाहून खात्री केली. जुन्या भांड्यातील पाण्यात अमोनिया १ पीपीएम आणि पीएच ८ च्या जवळ निघाला, तर नळाच्या पाण्यात अमोनिया शून्य आहे. २५ लिटरचा टँक, हिटर आणि स्पंज फिल्टर बसवला असून एका स्नेह्यांनी त्यांच्या टँकमधील वापरलेला स्पंज दिला. मिठाचा उपाय चालू आहे, पाणी २६ अंशांवर स्थिर आहे आणि मासा तळ सोडून मधल्या थरात फिरू लागला आहे. दाणाही आता गिळतो.

दोन शंका उरल्या आहेत. शेपटीची काळसर रेघ फिकी झाली आहे, परंतु तिच्या पुढे पातळ, जवळजवळ पारदर्शक अशी पांढुरकी किनार आली आहे. ही बुरशी तर नव्हे? दुसरे असे की, फिल्टरच्या बुडबुड्यांमुळे पाणी हलते तेव्हा तो कोपऱ्यात जाऊन थांबतो. याशिवाय खाणे आणि रोपे यांबाबत काही सांगता आले तर बरे होईल.

प्रतिसाद

ती किनार गुळगुळीत आणि पराच्याच पातळीत असेल, तर ती नवी वाढ आहे आणि रंग त्यात पुढे भरत जाईल. बुरशी कापसासारखी बाहेर उभी राहते व पाण्याबरोबर हलते. याच टप्प्यावर नव्या वाढीला बुरशी समजून लोक औषधे ओततात आणि सुधारत असलेला मासा हातचा घालवतात.

एअर पंपाच्या नळीवर प्लॅस्टिकचा छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे कमी करावेत. लांब शेपटीच्या माशाला प्रवाहात पोहणे जड जाते, आणि सध्या तर शेपटी फाटकीच आहे. टँकवर झाकण असावे. त्याने मासा बाहेर उडी मारत नाही आणि वरची हवा उबदार राहते, जी तो थेट आत घेतो.

बेट्टा मांसाहारी आहे. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरेत आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर पोटाला बरेच पडते. ब्रेड, भात, पोळीचे तुकडे अजिबात नकोत. डासांच्या अळ्या त्याला प्रिय असतात, पण गटारातल्या किंवा साचलेल्या घाण पाण्यातल्या आणू नयेत.

देशी बदामाचे झाड जवळपास असेल तर लाल होऊन आपोआप गळलेली आणि पूर्ण वाळलेली पाने आणावीत. वर्दळीच्या रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतील टाळावीत. पान धुऊन, उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, २५ लिटरला एक या प्रमाणात टाकावे. त्यातील टॅनिनमुळे पाणी तपकिरी होते, तो दोष नव्हे. आपले पाणी जड असल्याने पानामुळे पीएच फारसा उतरणार नाही. तो उतरवण्यासाठी रसायने वापरू नयेत, कारण किंचित जास्त पण स्थिर पीएच या माशाला चालतो, रोज वरखाली होणारा चालत नाही. म्हणूनच बोअर आणि महापालिकेचे पाणी बदलत असेल तर दोन बादल्या आधीच भरून ठेवाव्यात आणि बदलण्यापूर्वी त्यांचा पीएच टँकशी पडताळून पाहावा.

रोपे मीठ थांबवल्यावर आणि बिनमिठाच्या पाण्याने दोन-तीनदा पाणी बदलल्यावरच आणावीत. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडात जगतात. त्यांचे आडवे खोड खडीत न पुरता दोऱ्याने दगडाला बांधावे. प्लॅस्टिकचे रोप काढून टाकावे, कारण त्याच्या कडांनी शेपटी पुन्हा फाटते.

अँटिबायोटिकची वेळ तेव्हाच येईल, जेव्हा स्वच्छ, उबदार पाण्यातही कूज वाढत जाऊन शेपटीच्या मुळाशी पोहोचेल किंवा परांत लाल रेघा दिसतील. त्या वेळी कॅप्सूल अंदाजाने न फोडता मासे पाहणाऱ्या पशुवैद्यांना विचारावे आणि उपचार फिल्टरपासून दूर, वेगळ्या डब्यात, हिटर लावून करावेत. दर रविवारी एकाच बाजूने, एकाच उजेडात शेपटीचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे कूज वाढते आहे की भरते आहे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.